इथे फाटलं आहे

प्रिय हिमानी,

सप्रेम जयभीम. फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने गाठते आहे. रागावलीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

विहारातलं आपलं वाचनालय चालू आहे. पुराचं पाणी वरच्या मजल्यापर्यंत आलं नाही, कपाट वाचलं. नियमही तोच आहे. आठवतं, आपण मुलांना अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाची गोष्ट सांगितली होती? बंदरात जहाज लागलं की राजाची माणसं त्यातली पुस्तकं उचलून नेत, मूळ स्वतःकडे ठेवत आणि मालकाच्या हातात नक्कल देत, असं म्हणतात. पोरं खवळली होती, "ताई, ही तर सरळ चोरी!" मग तूच ठरवलंस की बदलापूर गावात उलटं चालेल. पुस्तक उसनं आणायचं, मुलांनी हाताने उतरवायचं, मूळ मालकाला परत आणि नक्कल आपल्या कपाटात.

सगळ्यांत आधी तुझ्या अण्णांनी त्यांच्या गाण्यांची पुस्तिका दिली. उल्हासनगरच्या कॅम्पात छापलेली, त्यांच्याकडे उरलेली एकच प्रत. आपल्या मुलांतल्या किर्तीने ती उतरवायला नेली, परतही दिली, पण नक्कल काही जमा केली नाही. विचारलं की "करतेय ना ताई" म्हणायची. मग पूर आला. तुमच्या घरात छातीइतकं पाणी, पुस्तिका गेली, आणि थंडीत अण्णाही गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू म्हणालीस, "आता या गावात माझं काय उरलंय?" मी नुसत्या सतरंज्या गोळा करत राहिले. एरवी आई म्हणते, घरात पहिली ग्रॅज्युएट झाली आणि गप्प बसायचं विसरली.

गेल्या रविवारी मी मुलांना प्राचीन इराकमधल्या निनवेच्या ग्रंथालयाबद्दल सांगत होते. मातीच्या पाट्यांवरची पुस्तकं, अडीच हजार वर्षांहून जुनी. नक्कल करताना मूळ पाटी फुटकी निघाली, तर तिथले लेखनिक मनाचं काही भरत नसत. त्या जागी लिहीत, 'इथे फुटलं आहे.' किर्ती ताडकन उभी राहिली, "म्हणजे फाटकं पण चालतं?" आणि शिरगावला घरी पळाली. वही घेऊन आली ती रडतच. मूळ पुस्तिकेतलंच एक पान उंदराने कुरतडलेलं होतं. अपुरं दिलं तर मी ओरडेन, म्हणून तिने इतके दिवस दिलंच नव्हतं.

हिमानी, तिने सगळं उतरवलंय. अण्णांच्या कपाचा गोल डागसुद्धा पेन्सिलने काढलाय. तुझ्या पाळण्याच्या पानावर अण्णांनी कडेला लिहिलं होतं, 'हिमू आज चालली. दारापर्यंत.' तेही आहे, त्यांच्यासारख्याच तिरक्या अक्षरात.

नियमाप्रमाणे मूळ मालकाला जातं, आणि आता मूळ हेच. कपाटासाठी मुलं त्याची नक्कल करताहेत. पण वही मी पोस्टाने पाठवणार नाही. कुरतडलेल्या जागी पाळण्याचं शेवटचं कडवं होतं. अण्णांना पाठ होतं, म्हणून त्यांनी ते पान कधी दुरुस्त केलं नाही. मी खूप आठवून पाहिलं, चाल येते, शब्द येत नाहीत. आता ते फक्त तुझ्याकडे आहे. किर्तीने तिथे चौकोन आखून लिहिलंय, 'इथे फाटलं आहे.' खाली चार ओळींची जागा सोडली आहे. एखाद्या रविवारी ये. तू गा, ती उतरवून घेईल.

वाट पाहणारी तुझीच,
यशोधरा