शेपूट निरंक असलेल्या बोटीस मान्यता मिळणेबाबत

प्रति,
मा. जलाशय अधिकारी साहेब,
जलक्रीडा परवाना शाखा,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : स्लॅलम जलस्कीसाठी निवडलेल्या बोटीस मान्यता मिळणेबाबत, तसेच माझ्या आत्यास पडण्यातून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : १) आमचा अर्ज, दि. ३.
२) आपले पत्र, दि. ६ (शेपूट गहाळ असल्याबाबत).
३) आपले पत्र, दि. ११ (पडून दाखविण्याबाबत).

महोदय,

१. मी जलस्की मंडळाचा मानद चिटणीस असून पोटापाण्यासाठी चष्म्याचे दुकान चालवतो. लोकांना नीट दिसावे हा माझा धंदाच आहे. तरीही आमची बोट आपल्या शाखेला काही केल्या दिसेना, म्हणून तिसऱ्यांदा त्रास देत आहे.

२. मंडळाची जुनी बोट गेल्या मोसमात कायमची बसली. नवी घेण्यासाठी तीन बोटी पंधरवडाभर वापरून पाहण्यास आणल्या. मंडळाचे बहुतेक सभासद माझ्याच घरातले असल्याने सभेत आणि जेवताना भांडणाचा विषय एकच राहिला. मेव्हण्याची पसंती पहिल्या बोटीस होती. तीत दहाजणांची बैठक, फ्रिज आणि चार स्पीकर आहेत. या बोटीने ओढायचे कोणाला, असे विचारले असता मेव्हणा "बघू की पुढे" म्हणाला. धाकट्या भावास दुसरी आवडली. तिच्या पोटात टाक्या आहेत. त्या पाण्याने भरल्या की बोट खाली दबते आणि मागे पुरुषभर लाट उठते. लाटेवर उड्या मारणाऱ्यांना ती झकास आहे, याबद्दल वाद नाही. तिसरी बोट बुटकी, सपाट, इंजिन मधोमध पेटीत, आणि त्या पेटीवर प्रत्येकाचा गुडघा एकदा तरी आपटतोच. ही बोट आत्याने निवडली. तिन्ही बोटी समोरून जात असताना ती धक्क्यावर गळ्यात मापाची टेप अडकवून उभी होती. मेव्हण्याने रंग कसा वाटला म्हणून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बोट कोण बघतंय? मागचं पाणी बघा."

३. येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. स्लॅलममध्ये बोट सरळ जाते आणि मागे दोर धरलेला माणूस एकाच स्कीवर डावीउजवीकडे झोके घेत पाण्यावर तरंगणाऱ्या सहा लाल गोळ्यांना बाहेरून वळसा घालतो. प्रत्येक झोक्यात त्याला बोटीमागचा उसळता पट्टा ओलांडावा लागतो. या पट्ट्याला आमच्या मंडळात पहिल्यापासून शेपूट म्हणतात. शेपूट उंच असेल तर स्की उडते आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून स्लॅलमची बोट निवडताना शेपूट जितके कमी तितकी बोट चांगली.

४. आपल्या नमुन्यातील रकाना ७ मध्ये 'बोटीच्या मागील भागाचे वर्णन' असे आहे. मी मोठ्या अभिमानाने "शेपूट : निरंक" असे लिहिले. ही चूक सर्वस्वी माझी आहे, कान धरतो. तथापि त्यावर संदर्भ क्र. २ अन्वये "सदर बोटीचे शेपूट गहाळ असल्याने बोट अपूर्ण समजण्यात येत असून शेपूट बसवून फेरसादर करावी" असा शेरा आला. सोबत दुसरी बोट "मागील भाग भव्य असल्याने" योग्य ठरेल, असाही सल्ला होता. हे पत्र धाकट्या भावाने मोठ्याने दोनदा वाचून दाखवले. त्या दिवशी मी जेवलो नाही.

५. आता आत्याविषयी. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय सहासष्ट, गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतण्यात हयात गेली. पंचावन्नाव्या वर्षी तिने स्कीवर पाय ठेवला. गेली अकरा वर्षे ती चार गोळे पार करते आणि पाचव्याकडे जाताना जुन्या बोटीच्या शेपटावर उडून पाण्यात पडते. डावा गुडघा आता पार कामातून गेला आहे. दि. २० रोजी शस्त्रक्रिया असून त्यानंतर जिनासुद्धा कठड्याला धरून चढायचा, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. म्हणजे तिला जे काही करायचे ते याच मोसमात. शिवाय मंडळाच्या फळ्यावर फक्त मान्यताप्राप्त बोटीमागची फेरी नोंदवता येते, आणि हा नियम आपल्याच शाखेचा आहे.

६. रविवार दि. ९ रोजी माझ्या विनंतीवरून आपले मुख्य लिपिक साहेब तिसऱ्या बोटीच्या चाचणीस हजर राहिले. बोट मी चालवत होतो. नियमाप्रमाणे ते निरीक्षक म्हणून मागे तोंड करून बसले व त्यांच्या हाती लाल झेंडा देण्यात आला. स्कीवरचा माणूस पडला की निरीक्षकाने झेंडा वर करायचा, म्हणजे इतर बोटी सावध होतात. आत्याने दोर धरला. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला माझी पाठ तिच्याकडे असूनही माझे डोळे मिटले. हे चालकाच्या नियमात बसत नाही, तरी कबूल करतो. आत्याने सहाही गोळे पार केले, दोर सोडला आणि शांतपणे पाण्यात बसती झाली.

७. यावर संदर्भ क्र. ३ अन्वये आपण कळविले की, "निरीक्षकाने झेंडा वर केल्याची नोंद निरंक असल्याने निरीक्षण झाल्याचे सिद्ध होत नाही. सबब संबंधित महिलेने याच बोटीमागे पडून दाखवावे, म्हणजे झेंड्याची नोंद घेऊन चाचणी ग्राह्य धरता येईल." महोदय, हे वाक्य मी दुकानातल्या सर्वात जाड भिंगातूनही वाचून पाहिले. ते तसेच आहे.

८. वेळ कमी असल्याने मी स्वतः काल या बोटीमागे चार वेळा पडलो. माझे वजन अठ्ठ्याण्णव किलो असल्याने ते पडणे धक्क्यावरूनही स्पष्ट दिसले. परंतु अर्जात नाव आत्याचे असल्याने माझे पडणे चालणार नाही, असे आपल्या शाखेच्या खिडकीवर सांगण्यात आले. मेव्हण्याने पुढे होऊन आत्याला समजावले की एकदाच हळूच पड, कोणाला कळणार आहे. आत्याने त्याच्याकडे असे पाहिले की तो फ्रिजवाल्या बोटीत जाऊन बसला. मग ती मला म्हणाली, "अकरा वर्षं पडतेच आहे ना मी? तेव्हा कुठे होता यांचा झेंडा? आता नाही पडले तर म्हणे पडून दाखवा. नाही पडणार जा!" हे तिचे शब्द आहेत, त्यांस माझी पूर्ण संमती आहे.

९. आता एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. मुख्य लिपिक साहेब भला माणूस आहे, त्यांच्यावर कारवाई करू नये. सहावा गोळा पार होताच ते चालत्या बोटीत उभे राहिले, दोन्ही हातांनी टाळ्या पिटू लागले आणि "गेल्या! बाई गेल्या पलीकडे!" असे इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या काठावर कोणीतरी खरोखरच गेले समजून दोघेजण टोप्या काढून उभे राहिले. टाळ्या वाजवताना झेंडा हातातून सुटून पाण्यात पडला. म्हणजे चाचणीत पडणे झाले आहे, फक्त ते झेंड्याचे झाले आहे. झेंडा वर नव्हता याचे कारण निरीक्षण झाले नाही हे नसून, फारच झाले, हे आहे.

१०. तिन्ही बोटी शनिवारी, दि. १५ रोजी परत जाणार आहेत. तरी विनंती की, तिसऱ्या बोटीस दि. ९ पासून मान्यता द्यावी, म्हणजे ती फेरी फळ्यावर लिहिता येईल. आत्यास पुन्हा फेरी मागायची नाही, गुडघा आता देणारही नाही. फळ्यावर जागा ठेवली आहे. गेले तीन दिवस दुकानात जाताना मी तो फळा पाहतो आणि कालपासून आत्याही काही ना काही निमित्त काढून तिथून जाते. ते पाहवत नाही, साहेब.

बोट शनिवारी जाते, एवढे ध्यानी असावे.

आपला नम्र व कालपासून अजून ओला,
(सही)
मानद चिटणीस, जलस्की मंडळ
दि. १३, गुरुवार

सोबत :
१) तिन्ही बोटींमागच्या पाण्याची छायाचित्रे. तिसऱ्यात काही दिसत नाही. छायाचित्र बरोबर आहे.
२) आपल्या कार्यालयाचा लाल झेंडा, नग एक. शेवाळातून काढून धुतलेला, इस्त्री केलेला. कडेची शिवण उसवली होती, ती आत्याने घालून दिली आहे.
३) दि. ९ च्या फेरीचा तक्ता, आत्याच्या हस्ताक्षरात. पार केलेले गोळे : सहा. पडणे : निरंक.