न हलणाऱ्या घराचा नळ

युमा, ॲरिझोना
नऊ एप्रिल, मंगळवार

चि. वेंडेल,

तुला, शार्लीनला आणि पोरांना माझे आशीर्वाद. तुला शिवाय एक चिमटाही, कुठे ते तुला माहीत आहे. मी बरी आहे. गुडघा होता तिथेच आहे, आवाज मात्र वाढलाय असं शेजारी म्हणतात.

पत्र नेहमीसारखं मॉडीच लिहितेय. मी बोलेन तसंच लिहायचं, मध्ये सुधारायचं नाही, असं तिला बजावलंय. ती जन्मभर टपाल खात्यात होती, त्यामुळे लोकांची पत्रं न वाचायची तिला सवय आहे. निदान ती तसं सांगते. (मी खरंच वाचत नसे. – मॉडी)

पत्रासोबत एक जड खोकं आलं असेल. ते आत्ता उघडू नकोस. लहानपणापासून तुझे हात आधी खोक्याकडे जातात. आधी वाच.

इकडे ऊन चढायला लागलंय. लोक निघालेत. रोज सकाळी कोणीतरी आपल्या राहत्या गाडीची घाण पाण्याची टाकी रिकामी करतं, पायऱ्या आत ढकलतं, पाण्याची नळी गुंडाळतं आणि भोंगा वाजवत उत्तरेला जातं. गाड्यांचा हा तळ अर्धा ओस पडलाय. मॉडीची गाडी अजून शेजारीच आहे.

आता नळाचं सांगते.

नाताळात तू तो नळ बसवलास. मनापासून बसवलास, हे मी मॉडीपाशीही कबूल केलंय. तू घरं विकणारा माणूस. तुझ्या डोळ्यांपुढे नळ म्हणजे बगळ्यासारखा उंच, चकचकीत, उचलला तर हात खाली जाईल असा. पाणी बंद करायची चावी तू अर्धी दुपार सिंकखाली शोधत होतास, आठवतं? "आई, इथे चावीच नाही!" घरात ती सिंकखाली असते रे. गाडीत नसते. इथे पाणी बाहेर खांबाजवळ बंद करतात, आणि तेही गाडीतल्या सगळ्या नळांचं एकदमच. मी खुर्चीत बसून बघत होते आणि बोलले नाही, कारण तू इतका वाकलेला मला बऱ्याच वर्षांनी दिसत होतास.

पण माझं सिंक पत्र्यासारखं पातळ आहे. तुझा बगळा त्यावर बसला की सगळं सिंक डुलायचं. वर मान इतकी की सिंकवरची फळी बसेना, म्हणजे माझा पोळपाटच गेला. बिस्किटांचं पीठ मी मांडीवर लाटत होते. त्यात खालचा प्लॅस्टिकचा नट तू पान्याने आवळलास. तो हाताने आवळायचा असतो, हाताला पुरे वाटलं की थांबायचं. तो तडकला आणि फेब्रुवारीपासून टपटप सुरू झाली. मी खाली पातेलं ठेवत होते आणि फोनवर तुला सांगत होते, "नळ झकास आहे."

मग गेल्या आठवड्यात शार्लीन फोनवर बोलता बोलता म्हणाली की शनिवारी तू जुन्या गाड्या घेणाऱ्या माणसाला घेऊन येतोयस. तिला वाटलं मला माहीत आहे. तिला रागावू नकोस, ती बिचारी तुमच्या गॅरेजमागे माझ्यासाठी केलेल्या खोलीला कोणते पडदे लावू हे विचारत होती.

नाताळात जेवताना तू म्हणालास ते मी विसरले नाही. "आई, ही आता गाडी राहिली नाही. चाकं लावलेली खोली आहे." हॅम तोंडात असताना म्हणालास, म्हणून मी उत्तर दिलं नाही. ते आता देते.

काल सकाळी मी इथल्या दुकानातून प्लॅस्टिकचा नळ आणला. बुटका, हलका, दिसायला अगदी गरीब. बाहेर जाऊन खांबाजवळचं पाणी बंद केलं. विजेरी दातात धरली, पाठीखाली उशी घेतली आणि सिंकखालच्या कपाटात शिरले. त्या कपाटाचं दार केवढं, तुला माहीत आहे. आधी एक हात, मग डोकं, मग दुसरा खांदा तिरपा करून. तुझ्या बापाला ते जमायचं, कारण त्याला खांदे असे नव्हतेच. मला आहेत.

नट फिरवला. सुटला. आणि तोंडावर पाणी. पाईपात उरलेलं असेल म्हणून मी डोळे मिटून थांबले. तेवढ्यात पलंगाखालून घुर्र आवाज आला. गाडीचा पंप. मी बाहेरचं पाणी बंद केलं होतं, पण पंप चालूच ठेवला होता, आणि आता तो टाकीतलं सगळं पाणी माझ्या नाकात ओतत होता. नट काढण्याआधी तोटी उघडून बघायचं, पंप जागा आहे की झोपलाय ते ऐकायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मी विसरले.

बाहेरचं पाणी जोडलेलं असताना माझी टाकी भरलेली का होती आणि पंप चालू का होता, हे तू विचारशील. थांब जरा.

पंपाचं बटण दाराजवळ, मी कपाटात. मागे सरकायला गेले तर कोपर सांडपाण्याच्या पाईपमागे अडकलं. ओरडले तर तोंडात पाणी. म्हणून पायाने समोरचा पत्रा बडवत राहिले. टाकी भरून काठोकाठ, ती काही लवकर संपत नाही. घाबरले होते, वेंडेल. एवढंच सांगते, त्याचा फार अर्थ काढू नकोस.

शेवटी मॉडी आली. आधी तिने दारात उभं राहून विचारलं, "ओझेला, तू पूर्ण आहेस की पायच उरलेत?"

"बटण!" मी म्हटलं.

"काय?"

"बटण, बहिरे! पंपाचं!"

तिने बटण दाबलं. मग माझे घोटे धरून गाजर उपटल्यासारखं मला उपटलं. मी जमिनीवर भिजलेली बसले आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला खुर्ची धरावी लागली. हसून झाल्यावर ती म्हणाली, "वेंडेलला बोलावू या का?"

"बोलाव. म्हणजे पुढच्या वेळी कपाटात तुला कोंबेन."

"तू परत आत जाणार?"

"नळ काय बाहेरून बसतो?"

"ओझेला, तुझं कोपर बघ."

"तू बघ. मला काम आहे."

(कोपर खूप सुजलं आहे. वेंडेल, हे मी माझ्या जबाबदारीवर लिहीत आहे. – मॉडी)

आता हे ऐक. आत अडकले होते तेव्हा करायला काही नव्हतं, म्हणून वर बघत होते. सिंकच्या कडेखाली जुनी पुट्टी आहे, वाळून दगड झालेली. ती होलिसने लावली होती, ही गाडी आम्ही घेतली त्या वर्षी. त्यात त्याचा अंगठा उमटलाय. तुझ्या बापाच्या अंगठ्यावर आडवा व्रण होता, कापसाच्या यंत्राने कापल्याचा. तो व्रणसुद्धा दिसतो. तू नाताळात त्याच्याखालीच झोपला होतास. तुला दिसला नाही, कारण तू चावी शोधत होतास.

आता टाकीचं.

मी चाक धरायचे आणि होलिस पाट्या वाचायचा. आमची गाडी अशी चालायची. "पुढचं वळण घे, ओझेला." "हे नको, पुढचं." तो माझ्या उजव्या बाजूला बसून सगळा देश मला वाचून दाखवायचा. तो गेला आणि मी दोन उन्हाळे इथून हलले नाही. तुला सांगितलं की मला इथलं ऊन मानवतं. वेंडेल, इथलं ऊन पालींनाही मानवत नाही. मी थांबले कारण मला अक्षर येत नाही, मग पाट्या कोण वाचणार. तू म्हणालास चाकं लावलेली खोली, ते मला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. आता आहे.

मॉडी पुढे जाणार, मी तिच्या मागून. तिने मागच्या बंपरला लाल परकराचा तुकडा बांधलाय. (पडद्याचा. – मॉडी) वळण आलं की ती दोनदा भोंगा वाजवेल. इंजिन गेल्या महिन्यात इथल्या तळावरच्या माणसाकडून बघून घेतलंय, चाकंही. परवाना अजून चालतो. टाकी भरून मी पंप तपासत होते, म्हणून तो चालू राहिला. मोंटानात चेरी पिकतील तेव्हा आम्ही तिथे असू. होलिसला तिथला तळ्याकाठचा कोपरा आवडायचा.

हलका नळ लागतो तो याचसाठी. तुझा बगळा रस्त्यावर पहिल्या खड्ड्यात सिंक घेऊन खाली आला असता. तो नळ वाईट नाही. फक्त न हलणाऱ्या घराचा आहे. आता खोकं उघड. मी तो पुसून, कापडात गुंडाळून पाठवलाय. गॅरेजमागच्या खोलीत लाव, छान दिसेल. पडदे निळे घ्या. कधीतरी मी म्हातारी झाले की येईन आणि तोंड धुवेन त्याच्याखाली.

हे पत्र तुला शुक्रवारपर्यंत पोचेल, असं टपाल खात्यातल्या बाई सांगतात. आम्ही उद्या उजाडताच निघतोय. शनिवारी येऊ नकोस. आलास तर खडीवर एक लांबट चौकोन दिसेल, भोवतालपेक्षा काळसर, आणि तेलाचे दोन थेंब. त्या गाड्या घेणाऱ्याला म्हणावं, हे घे विकत.

यायचंच असेल तर जुलैत ये, पोरांना घेऊन. चेरी भरून भाजलेली पाई मीच करेन. माझा पोळपाट परत मिळालाय.

नवा नळ मी हाताने आवळलाय. रात्रभर खाली कोरडं पातेलं ठेवलं होतं, सकाळीही कोरडंच होतं. थोडी पुट्टी उरली होती, ती सिंकखाली होलिसच्या शेजारी लावली आणि माझाही अंगठा दाबला. मॉडी म्हणते पत्राखाली नेहमीसारखी फुली मार. या वेळी फुली नाही. बोटाला पुट्टी अजून आहे, तीच इथे उमटवते. तेलकट डाग वाटला तर पुसू नकोस, पोरांना दाखव. म्हणावं, ही तुमची आजी, आणि ती आता गाडी चालवतेय.

तुझी आई,
ओझेला
(तिचा अंगठा. सुजलेल्या हाताचा आहे, पण घट्ट दाबलाय. – मॉडी)