सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही

आदरणीय बापूजीभाऊंना भैयाजीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? जांभळाच्या बियांची पूड सुरू केल्यापासून वहिनींची शुगर खाली आली, की अजून वरच आहे? आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण पत्राच्या सुरुवातीलाच रडगाणं नको, म्हणून ठीक आहे. धान बरं आहे. म्हैस आटली. फोन सोडून यानं पत्र काऊन लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचा, असा तुमच्या बहिणीचा नियम आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते तिच्या कानावर पडायला नको.

बालीची बातमी चिमूरपर्यंत पोचलीच असेल (मुलचेऱ्याच्या बाजारात वांगीवालीलाही ती ठाऊक आहे). यंदा माझ्या कृषी केंद्रातून धानाचं बियाणं भरपूर खपलं, म्हणून कंपनीने मला जोडीने बालीची सहल दिली. सहल म्हणजे मार्कंड्याच्या जत्रेसारखी नाही. समुद्रात बेट, बेटावर पंचतारांकित हॉटेल, प्रत्येक जोडप्याला वेगळा बंगला, बंगल्याला वेगळं टाकं, आणि त्या टाक्यात गळ्यापर्यंत बसून समोरचा जिवंत ज्वालामुखी बघायचा. गडचिरोलीच्या उन्हात जन्म काढलेल्या माणसाला बक्षीस म्हणून आगीचा डोंगर दाखवायचा, हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल कोण जाणे. तिथे न्हाणीघराला छप्पर नसतं, त्याचे जास्तीचे पैसे घेतात म्हणे. (आमच्याही न्हाणीला कालपरवापर्यंत छप्पर नव्हतं, पण तेव्हा लोक त्याला गरिबी म्हणायचे.)

पण भाऊ, तुमची बहीण लग्न होऊन आल्यापासून वैनगंगेपलीकडे तुमच्या घराशिवाय कुठे गेली नाही. साडी माग म्हटलं तर म्हणते, आहे ना. या वेळी मात्र तिने आपल्या तोंडाने म्हटलं, "मले समुद्र पाह्यचा आहे." झालं, मी हो म्हणालो. मला विमान नको, पाणी नको, आग तर नकोच नको. रुखमाला तिथे न्यायचं, एवढंच माझं ठरलं होतं.

मग तयारी सुरू झाली. तिथे नाश्ता पाण्यावर तरंगत येतो, असं आमच्या पोरीने, दिव्यानीने, तिला मोबाईलवर दाखवलं. आता एवढ्या मोठ्या हॉटेलात आपली फजिती नको, म्हणून रुखमाने घरामागच्या बोडीत सराव केला. साडी खोचून कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली आणि परातीत पोहे ठेवून परात सोडली. ती बरीच लांब गेली, एका बाजूला कलली आणि बुडाली. पोहे मासोळ्यांनी खाल्ले, परात मला काढावी लागली (सर्दी अजून आहे). शिवाय आग ओकणारा डोंगर म्हणजे जागृत देव, त्याला कोंबडा दिल्याशिवाय त्याच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही, हेही ठरलं. विमानात कोंबडा जिवंत नेता येतो का, हे मी कंपनीच्या माणसाला विचारलं. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही.

दोघांचे पासपोर्टचे अर्ज मी सोबतच भरले होते. पोस्टातून पाकीट एकच आलं, रुखमाचं (तिची चौकशी ठाण्यात कागदांवरच उरकली होती). मी ठाण्यात गेलो. हवालदार भला माणूस, त्याने मला चहा पाजला आणि आपला अहवाल वाचून दाखवला: सदर इसम नमूद पत्त्यावर मिळून आला नाही. मी म्हटलं, साहेब, सदर इसम तुमच्यासमोर बसून चहा पिऊन राह्यला. तो म्हणाला, तुम्हाला बघतो आहे, पण तुमचं गाव काय म्हणतं ते ऐका.

मी बियाण्यासाठी गडचिरोलीला गेलो होतो, त्या दिवशी तो चौकशीला आला होता. आता आपल्या भागात बूट घातलेल्या माणसाने (बूट पोलिसाचे असोत की जंगलातल्यांचे) गावात येऊन कोणाचं नाव विचारलं, तर द्यायचं उत्तर गावाला पाठ आहे. ते देताना विचार करावा लागत नाही. किराणावाला म्हणाला, हे नावच पहिल्यांदा ऐकतो. सरपंच म्हणाले, होता एक, पण तो तेलंगणात गेला. हवालदाराने दुकानावरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं (त्यावर माझा हात जोडलेला फोटो आहे, तुम्हीच उद्घाटनाला आला होता), तर सरपंच म्हणाले, बोर्ड जुना आहे. सुकलू डोकऱ्याने तर कमाल केली. भैयाजीच्या तेरवीला मी स्वतः जेवलो, बुंदी चांगली होती, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. मी जाब विचारायला गेलो तर म्हणतो, वाचवलं ना तुले, आता विड्यांचा कट्टा दे. दिला. गावाचा माझ्यावर इतका जीव आहे की त्यांनी मला मारून मोकळं केलं, आता रागवायचं कोणावर?

तेव्हा मी सध्या नाही. रुखमाचा पासपोर्ट गोदामात बियाण्याच्या पोत्यांमागे लपवला आहे आणि ती रोज पोस्टमनची वाट बघते. आज सकाळी विचारत होती, समुद्राचं पाणी खारट असते तर नाश्ता अळणी करतात का. मी म्हटलं, करत असतील. असो. वहिनींना नमस्कार सांगा, आणि गुडघ्यांना जपा, आपल्याकडे बाकी जपण्यासारखं उरतंच काय.

तुमचा, कागदोपत्री नसलेला जावई,
भैयाजी

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. येत्या रविवारी रुखमाला फोन करा. बालीचा डोंगर फुटला, राख उडाली, विमानं बंद, सहल रद्द, असं सांगा. मी सांगितलं तर ती दहा प्रश्न विचारेल. तुम्ही सांगितलं तर पदर सावरून हो म्हणेल. कोणता डोंगर असं विचारलं, तर मोठा म्हणा.

ता. क. दुसरा : तुम्हाला खोटं बोलायला लावतो आहे, तर कारणही सांगायला हवं. गावाने माझं नाव नंतर पुसलं. हवालदार आधी आमच्या घरी आला होता, हे त्यानेच मला सांगितलं. रुखमा अंगणात होती. भैयाजी इथेच राहतात का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, "नाई. असा कोणी माणूस इथी राहत नाई." आणि तो जाईपर्यंत दार अडवून उभी राहिली. गाव हे बघत होतं, गावाने तेच पुढे चालवलं. यातलं ती मला एक शब्द बोललेली नाही, आणि तो पासपोर्टसाठी आला होता हे तिला अजून माहीत नाही. तुमच्या भावाला, पत्रूभाऊला, विचारत तुमच्या दारी अशीच बूटवाली माणसं आली होती, तेव्हा दारात रुखमाच होती, नऊ-दहा वर्षांची. तिने खरं सांगितलं, हो, घरी आहे, जेवून राह्यला. पत्रूभाऊ त्यानंतर कोणाला दिसला नाही. हे मला तुमच्या आईने सांगितलं होतं, तिने कधीच नाही. म्हणून म्हणतो भाऊ, समुद्र तिच्याच उत्तराने गेला, हे तिला कधी कळायला नको. डोंगरच फुटू द्या.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवता चिकटवता हवालदार दुकानात येऊन गेला. म्हणतो, अजून वेळ गेलेली नाही, मी उद्या पुन्हा चौकशीला येतो. तुम्ही मध्ये पडू नका, घरच्या बाईंनी फक्त दारात येऊन म्हणायचं, हो, घरी आहेत. मी म्हणालो, साहेब, राहू द्या.