मंगळसूत्रात ओवलेली बोरमाळ

निपाणी, शुक्रवार, १९७८

मान दुखतेय. खरंच दुखतेय की मनाचं आहे, कुणास ठाऊक.

सोमवारी हे बेळगावच्या कोर्टात नादारीचा अर्ज देणार. कापडाचं दुकान बुडालं, ते आता लपवून काय करायचं? वकील म्हणाले, माल जाईल, दुकानाच्या कमाईतून केलेले दागिनेही जातील, पण बायकोच्या मंगळसूत्राला कायदा हात लावत नाही. म्हणून ह्यांनी आज सकाळी माझी बोरमाळ तोडली आणि तिचे सोन्याचे मणी मंगळसूत्रात ओवले. मी दोरा धरला. का धरला?

दिवेलागणीला शेजारची गंगूआक्का आली. नवरा गेल्यावर तिनं स्वतःचं मंगळसूत्र मोडलं आणि आलेले पैसे विश्वासानं आमच्या दुकानात ठेवले. ते आता बुडणार, हे तिला ठाऊक आहे. ही बोरमाळही तिच्या ओळखीची. लेकीच्या लग्नात माझ्याकडूनच नेऊन तिनं ती लेकीला घातली होती.

मी पदर ओढून घेतला, पण तिनं पाहिलंच. जवळ येऊन एकेक मणी चाचपला.

"लई जड झालंय गं," म्हणाली.

वाटलं, आता पैसे मागेल. मागितले असते तर बरं झालं असतं. तिनं माझा पदर सारखा केला, पार गळा झाकेपर्यंत.

"असं उघडं ठेवू नगंस. माझ्यागत आणि कोण तर वळखंल."

ती जाऊन बराच वेळ झाला. मान दुखतेय. पदर तिनं ठेवला तसाच आहे, काढायला हात होत नाही.