दादाची सुट्टी झालती

१२ जानेवारी

आज ऑफिसात सरकारी मदतीची फाइल उघडून दाखवली. इतकी वर्षं नुसतं 'अपात्र' ऐकत होते. कारण आज वाचलं.

राऊत मॅडमनी बसवलं, पाणी दिलं, मग पान माझ्याकडे फिरवलं. नामदेव भाऊजींचा जबाब. आमचे सु. गेले तेव्हा मी इथे सिंदी मेघेला तापाने पडलेली, म्हणून त्यांची शाळा होती त्या आष्टीला धाकट्या दिराचाच जबाब घेतला होता. त्यात आहे: 'मयत शिक्षकास त्या काळात सुट्टी होती. घरी असताना ताप वाढला. नंतर सेवाग्राम येथे दाखल केले.' खाली भाऊजींची सही.

म्हणजे सु. कोरोना ड्यूटीवर नव्हतेच. म्हणून मदत नाही.

तपासणी नाक्यावर उभे होते ते. रुमाल ओला करून डोक्याला बांधायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहायचे. नाक्याची हजेरी सापडत नाही म्हणतात. राहिला हा जबाब.

भाऊजींनी असं का सांगितलं असेल? सख्खा भाऊ.

जेवण गेलं नाही.

१३ जाने.

सकाळी दूध तापवताना एकदम लक्षात आलं. गॅस बंद करून तिथेच स्टुलावर बसले.

सुट्टी झाली!

आष्टीला होस्टेलमध्ये सेंटर केलं होतं, तिथे सु. आधी ॲडमिट होते. ताप उतरला, तिथून सोडलं. आमच्याकडे दवाखान्यातून सोडलं की सुट्टी झाली म्हणतात. भाऊजी तेच म्हणाले असणार. लिहिणारे गृहस्थ कोकणातले, नवीन बदली होऊन आलेले. त्यांनी ती शाळेची सुट्टी समजली.

मीही एकदा फसले होते. लग्नाचं पहिलं वर्ष, अपेंडिक्सचं ऑपरेशन. सासूबाई आष्टीहून एसटीने आल्या, खाटेशी बसून विचारतात, "सुट्टी कवा देते वं तुले?" मी कॉन्व्हेंटची, नागपूरची. म्हटलं, आई, मी नोकरी कुठे करते? सु. भिंतीकडे तोंड करून हसत होते. सिस्टर आम्हाला शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग असं लिहायला लावायच्या. हा अर्थ काही त्यांनी सांगितला नव्हता.

सेंटरमधून सुटल्यावर सु. माझ्याशीही फोनवर तसंच बोलले. "सुट्टी झाली बरं का माझी. रविवारी येतो." आवाज खोल गेलेला. रविवारी सेवाग्रामला होते. मला जाऊ दिलं नाही.

१४ जाने.

राऊत मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. त्या हिंगणघाटच्या, लगेच समजल्या. पण त्यांच्या समजण्याने भागत नाही. सेंटर बंद झालं, तिथलं कार्ड माझ्याकडे नाही, ऑफिसातही नाही. ज्यांचा जबाब त्यांनीच साहेबांपुढे येऊन खुलासा करायचा. सुनावणी लावून देते म्हणाल्या. "ही शेवटचीच समजा ताई. यानंतर फाइल बंद होते."

बाहेर आले. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घराचा नंबर चुकले.

१९ जाने.

निलूचा फोन. तिचं तेच, घर विक, नागपूरला ये, थकलेल्या हप्त्यांसाठी बँकेचे लोक दारात येण्यापेक्षा बरं. रागावून नाही म्हणत, पोटातून म्हणते. मी म्हटलं, सुनावणी होऊ दे. ती म्हणाली, "आई, आणि झाल्यावर?"

परसातला कढीपत्ता सु.नी लावलेला. आता गच्चीला टेकलाय. घर विकलं तर तो

राहू दे.

२५ जाने.

आष्टीला जाऊन आले. भाऊजींना फोनवर सांगायची हिंमत नव्हती. त्यांच्या एका शब्दाने पाच वर्षं अडली, हे कसं सांगायचं? संत्र्याच्या बागेत होते. मी फिरवून फिरवून सांगितलं. ते ऐकत गेले आणि हातातलं संत्रं तसंच धरून राहिले.

"म्हंजे माह्यामुळं?"

नाही म्हटलं. लिहिणाऱ्यामुळे.

"सही तं माही हाय ना वहिनी."

मग जावेने चहा आणला. थोरली सून बाळंतपणाला आलेली, जड झालीय, तिच्याशी दोन शब्द बोलले. भाऊजी चहा न पिता उठले. निघताना एसटी स्टँडपर्यंत आले. बस हलल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "साहेबासमोर काय बोलाचं ते लिहून देजा. मी पाठ करतो."

लिहून दिलं नाही. पाठ केलेलं वाटलं तर आणखी संशय. हे बरोबर केलं का कळत नाही.

९ फेब्रुवारी

सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहून ठेवते.

भाऊजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. साहेब तरुण, थकलेले, वाईट वाटले नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, भाऊ सुट्टीवर होते की नव्हते.

"सुट्टी तं होतीच जी."

राऊत मॅडमनी खाली पाहिलं.

"शाळेले सुट्टी होती," भाऊजी म्हणाले. "लेकराईले सुट्टी होती. दादाले कोन सुट्टी देते? तो नाक्यावर उभा राह्यत होता. तिथंच ताप आला. सेंटरात टाकलं, मंग सुट्टी झाली, मी घरी आनला. घरी दम लागला तं सेवाग्रामले नेला."

टाइप करणारा थांबला. "सर, कोणती सुट्टी लिहू?"

कोणीतरी हसलं. भाऊजीही ओशाळून हसले, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, सर, 'डिस्चार्ज' लिहा ना. साहेब म्हणाले, "ताई, जबाब त्यांचा आहे. तुम्ही मध्ये बोलू नका." आणि टाइप करणाऱ्याला, "जसं बोलले तसंच घे. एक शब्द बदलू नको."

तसंच घेतलं. मला वाचू दिलं. पाच ठिकाणी सुट्टी, त्यातल्या एका ठिकाणी 'दादाले कोन सुट्टी देते'. साहेब कुठले, विचारायला हवं होतं. विदर्भातले असतील तर एकदा वाचून समजतील. नसतील तर आधीपेक्षा वाईट.

निर्णय कळवू म्हणाले.

रिक्षात भाऊजी म्हणाले, "बरोबर बोललो ना मी?" मी बरोबर म्हटलं. खरं तर मला माहीत नाही. बोलले ते सगळं खरं होतं.

१६ फेब्रु.

काही नाही. पोस्टमन पुढच्या गल्लीतूनच वळला. राऊत मॅडम रजेवर. रजेवर! हा शब्द आधी कोणी वापरला असता तर.

सु.चा नाक्यावरचा ओला रुमाल आठवला. वाळला की फोन करायचे, घरून दोन-चार पाठव म्हणायचे. पाठवायचं राहत गेलं, मग बसच बंद झाल्या.

२१ फेब्रु.

भाऊजींचा फोन. सुनेला मुलगी झाली. आवाजात आनंद. बाळ-बाळंतीण ठीक, वजन चांगलं, नाक दादासारखं म्हणतात सगळे.

म्हटलं, मी कधी येऊ बघायला?

"उद्या तिले..." म्हणाले आणि थांबले. "उद्या तिले दवाखान्यातून घरी आनून राह्यलो."

इतकं लांबवून भाऊजी कधी बोलत नाहीत. मीच म्हटलं, म्हणजे उद्या सुट्टी होणार.

मागे जाऊबाई कुणाला तरी हाक मारत होत्या.

"तुमच्या कागदाचं काही कळलं का जी?"

नाही म्हटलं. सोमवारी जाऊन विचारते.