धुण्याची खोली

शेतवस्ती, दिंद्रुड
७ मार्च

चि. संगीतास,

वैनीचा आशीर्वाद. उमापूरला भावाकडं तुझं नि पोरींचं बरं चाललं असेल, असं लिहिणार होते. पण कसं चाललं असेल ते मला कळतं. तू चौथी शिकलेली, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. सावकाश लाव. कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

आमचं धुणं सोडून तू गेल्यावर इथं धुण्याची खोली झाली. न्हाणीमागची पेंडीची खोली रिकामी करून फरशी घातली, नळ घेतला, मशीन आणलं. तुझा धुण्याचा दगड यांनी फोडायला लावला. मी म्हटलं, राहू द्या पडून. तर म्हणाले, "रस्त्यावरून दिसतो."

खोली मीच लावली. खालच्या फळीवर साबण, नीळ, खळीचा डबा. रंगीत कपड्यांची टोपली वेगळी, पांढऱ्यांची वेगळी. पांढरेच जास्त. तू म्हणायचीस, "वैनी, ह्ये तर बगळ्याचे पंख हायत. चिखलात बसून बी पांढरेच!" बापलेकांच्या शर्टांची अदलाबदल व्हायची, तेव्हा कॉलरीत आतून टाका घालायचं तूच सुचवलंस. यांना निळा, विजयला लाल. अजून घालते. किल्ली माझ्या कमरेला असते. पुरुष इकडं फिरकत नाहीत. मशीन आलं त्या दिवशी तेवढा विजय दारात उभा राहिला. "आता बटन दाबायचं अन् बसून राहायचं, आई," म्हणाला आणि हसला. मला बघवलं नाही.

बाजारात नाथाची आई सारजाबाई दिसली. तिनं मेंढरं विकून टाकली म्हणे. कोणीतरी चौकशी केली, तर म्हणाली, "मेंढरं हरभऱ्यात शिरली, कबूल हाय. मेंढरं मारायची की. माझं पोरगं कावून मारलं?"

मी पदर ओढून पुढं गेले.

संगीता, नाथाला मारलं त्या सांजेला तुझा आसाराम आमच्या गोठ्यात धार काढत होता. दुधाची चरवी मीच त्याच्या हातून घेतली. पोलीस त्याला घेऊन गेले तेव्हा तू आमच्या दारात ओरडत होतीस, "तुमी बघितलंय त्याला, वैनी! सांगा की!" आणि मी आत गेले. गुन्हा त्यानं आपल्या तोंडानं अंगावर घेतला. यांनी त्याला शब्द दिला होता, दोन वर्षांत सोडवतो, पोरींची लग्नं माझ्याकडं. काल वकील आला होता. मी खोलीत घड्या घालत होते. तो ओसरीवर म्हणाला, "याला जन्मठेप लागेल." हे म्हणाले, "लागू द्या. आपला तर वाचला."

घडी माझ्या हातातच राहिली.

आता ते सांगते. मी चरवी आत ठेवली, तोवर मागच्या दारानं शर्ट आला. पांढरा राहिला नव्हता. यांनी तो माझ्या हातात दिला आणि न्हाणीच्या दारात उभे राहिले. "आत्ताच्या आत्ता धू. चांगलं उकळतं पाणी घे, समदं निघून जाईल."

उकळतं पाणी! आयुष्यात रुमाल न धुतलेला माणूस. बाईच्या जातीला पहिल्या पाळीपासून ठाऊक असतं, रक्ताला गार पाणी लागतं. गरम लागलं की डाग पक्का होतो. मी शर्ट घंगाळात टाकला. बंबातलं पाणी काढलं आणि ओतलं. त्यांच्या डोळ्यांदेखत ओतलं. सकाळी दोरीवर दुसराच शर्ट वाळत घातला. त्यांनी बघितला आणि चहा मागितला.

तो शर्ट इतके दिवस पांढऱ्यांच्या टोपलीच्या बुडाशी होता.

अंगणवाडीच्या सुकन्याबाई उमापूरला येताहेत. त्यांच्याकडं तुझ्या धाकटीसाठी वाकळ देते आहे. पत्र तिच्याच घडीत आहे. त्यांना काही माहीत नाही. वाकळ पोरीच्या अंगावर घालू नकोस. धुऊ नकोस. एका काठाला लाल दोरा दिसेल, तिथून उसव. शर्ट मधल्या थरात आहे. इथल्या ठाण्यात जाऊ नकोस, भावाला घेऊन थेट बीडला वकील गाठ.

शिवताना सुई कितीदा बोटात गेली. तो लहान होता तेव्हा त्याच्यासाठी वाकळ शिवली होती, तेव्हाही जायची. त्याला मी वाढवलं, संगीता. दुधाच्या वासानं झोपायचा. हे तुला सांगून काय उपयोग, तुझ्या पोरींचा बाप आत बसला आहे.

कोर्टात विचारतील, कॉलरीतला हा लाल टाका कोणी घातला. तू गप्प राहा. मला बोलवायला लाव. त्या वेळी मी आत जाणार नाही.

विजयची आई,
सत्यभामा