उठायला जड फटफटी

आप्पा, आज तुमच्याशी भांडायचंय. तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली, म्हणून काय सोडते व्हय!

बैल घ्यायचा तर तुम्ही मुरुम गावचे चार-चार बाजार हिंडायचा. दात बघायचा, खूर बघायचा, चालवून बघायचा. तेवढ्यानं भागायचं न्हाय. भल्या पहाटे विकणाऱ्याच्या गोठ्यात जायचा आणि बसलेला बैल उठताना बघायचा. "उठायला जड असंल तर फुकट दिला तरी घेऊ न्हाय," म्हणायचा. आणि माझी शाळा? चौथीत पहिली आले होते मी. पुढची शाळा उमरग्याला. मास्तर स्वतः घरी सांगायला आले, तर चहा पिता पिता तुम्ही म्हणालात, "पोरीची जात. रोज एवढ्या लांब कोण नेणार?" झालं! बशी खाली ठेवायच्या आत माझा निकाल लागला. बैलाएवढा तरी विचार करायचा होता माझा.

आता माझी पोरगी तिथंच अडलीय. इथं सासरच्या गावात शाळा सातवीपर्यंत, ती झाली; पुढं उमरगाच. आमचे हे तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या अडतीवर मुनीम. ट्रकला हात करून जातात. पोरीला ट्रकवर कशी बसवायची? म्हणून एका रिटायर जमादाराची जुनी फटफटी बघायला गेलो. गेल्या गेल्या मी इंजिनाला हात लावला, तर चटकाच बसला. आम्ही यायच्या आधीच तापवून ठेवलेली! जमादारानं एक लाथ मारली, लगेच धडधडली. "बघा, घोडा आहे घोडा!" हे भुलले. मी म्हटलं, "बंद करा. गार होऊ द्या, मग उठवा." जमादाराचं तोंड उतरलं. गार झाल्यावर लाथा मारून मारून घामाघूम झाला, तवा कुठं उठली.

हे म्हणाले, "नको ही." तुम्हीही हेच म्हणाला असता. पण तुमचं ते 'कोण नेणार' आठवलं आणि असा संताप आला, की मी तिथंच म्हटलं, "घ्यायची. उठत न्हाय तर मी उठवीन."

आता रोज सकाळी पदर खोचून मागून ढकलते. गल्ली हसते. हसू दे मेली! ओढ्याच्या उताराला ती सुरू होते, आणि बापाच्या मागं बसून पोरगी शाळेला जाते.

हे पत्र चुलीतच जायचं, म्हणून लिहिते. पोरगी लांबून वळून हात करते ना, तेव्हा सगळ्यांना वाटतं मला आनंद होतो. आप्पा, मला तिचा हेवा वाटतो.